दोदो सूमरोची कथा मराठवाड्यात कशी सांगावी

जालना, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या मराठवाड्यातील शहरांत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे आता तिसऱ्या-चौथ्या पिढीत आहेत. त्यांची चेटीचंडाची मिरवणूक आपण पाहतो आणि झुलेलालाचे नावही आपल्याला ठाऊक असते; परंतु ज्या राजाची गाथा सिंधमधील भाट, चारण आणि भान या लोकगायकांनी पिढ्यान्‌पिढ्या गायली, तो दोदो सूमरो शेजारच्या मराठी घरात अजून पोहोचलेला नाही. गेली काही वर्षे मी आमच्या भागातील वाचनालयांत आणि शाळांत ही कथा सांगत आलो आहे. ज्या शिक्षकांना, कीर्तनकारांना किंवा वाचनालयाच्या कार्यकर्त्यांना ती सांगावीशी वाटते, त्यांच्यासाठी तयारी कशी करावी, कुठे जपून बोलावे आणि कुठे मोकळेपणाने रंगावे, हे येथे लिहीत आहे.

नारदीय कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग असतो, हे आपल्याकडच्या श्रोत्याला समजावून सांगावे लागत नाही. पूर्वरंगात निरूपण होते, उत्तररंगात आख्यान लागते. दोदोची कथा सांगणाऱ्याने हीच विभागणी उचलावी. पूर्वरंगात इतिहास जेवढा हाती लागतो तेवढाच सांगावा, तिथे थांबावे, "यापुढचे लोकांनी मुखोद्गत ठेवलेले आहे" असे स्वच्छ शब्दांत म्हणावे आणि मग आख्यान त्याच्या पूर्ण रंगात उभे करावे. ही सीमा एकदा उच्चारली की पुढे प्रत्येक वाक्याला "असे म्हणतात", "अशी आख्यायिका आहे" ही शेपटे जोडावी लागत नाहीत, आणि ती जोडूही नयेत. दर दोन वाक्यांनी अडखळणाऱ्या निवेदकाचे आख्यान कधीच चढत नाही.

आधी नावे नीट करावीत

तयारीची सुरुवात नावांच्या उच्चारापासून करावी. मी पहिल्यांदा ही कथा सांगितली तेव्हा रोमन लिपीत वाचलेले नाव तसेच उचलून तासभर "डोडो, डोडो" म्हणत राहिलो. कार्यक्रम संपल्यावर कापडाच्या दुकानातील एक वयोवृद्ध सिंधी गृहस्थ जवळ आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मास्तर, दोदो. दुधातला द." एवढेच बोलून ते गेले. ज्या राजाचे नाव त्यांच्या आजीच्या तोंडून आलेले होते, ते मी त्यांच्यासमोर तासभर चुकीचे घेत होतो, ही गोष्ट मला आजही बोचते. म्हणून नाव दोदो, त्याच्या भावाचे नाव चनेसर, वडिलांचे भूंगर, बहिणीचे बाघी. यातील बाघी म्हणताना घ स्पष्ट यायला हवा; तो सुटला तर श्रोत्याला "बागी", म्हणजे बंडखोर, असे ऐकू येते आणि भलताच अर्थ डोक्यात बसतो.

घराण्याच्या नावाचेही असेच आहे. मराठीत जिथे घोडा होतो तिथे सिंधीत घोड़ो होतो. त्याच चालीने एक पुरुष तो सूमरो, त्यांचे घराणे सूमरा आणि त्या घराण्यातील स्त्री सूमरी. हे एकदा लक्षात ठेवले की गफलत होत नाही. ज्या गावाशी दोदोचे नाव जोडलेले आहे आणि जिथे त्याची कबर दाखवली जाते ते रूपामाडी सिंधच्या बदीन जिल्ह्यात आहे. त्यातील माडी आपल्या माडीच्या नात्यातील शब्द आहे, फक्त सिंधीत तो संपूर्ण वाड्याला लागतो. श्रोत्यांना हे सांगितले की परके गाव क्षणात ओळखीचे वाटू लागते.

याउलट एक शब्द ओळखीचा वाटतो आणि घात करतो. तो म्हणजे "साम". आपण साम म्हटले की पुढे दाम, दंड, भेद आपोआप येतात. सिंधी आणि कच्छी लोककथेत मात्र साम म्हणजे शरण आलेल्याला दिलेले अभय, आणि तेही असे की ते राखताना स्वतःचे घरदार गेले तरी चालेल. या कथेचा अर्धा भार याच शब्दावर आहे. म्हणून तो पूर्वरंगातच, शांतपणे, एखाद्या उदाहरणासह उलगडून ठेवावा. आख्यान रंगात आल्यावर थांबून शब्दार्थ सांगू नये.

पूर्वरंग: देवगिरीपासून निघावे

मराठवाड्यातील श्रोत्यांना सिंधकडे नेण्याचा सर्वांत जवळचा रस्ता दौलताबादच्या किल्ल्यावरून जातो, असे माझे ठाम मत आहे. १२९६ साली कडा-माणिकपूरचा सुभेदार असलेला अलाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर चालून आला, रामदेवराव यादवाकडून अपार लूट घेऊन परतला आणि त्याच वर्षी चुलत्याचा खून करून दिल्लीच्या तख्तावर बसला. हे आपल्या शाळकरी मुलांनाही थोडेफार ठाऊक असते. दोदोच्या कथेत दिल्लीहून फौज पाठवणारा सुलतान म्हणजे हाच अलाउद्दीन. त्यामुळे "ज्याने आपल्या देवगिरीची वाट धरली, त्याचीच फौज सिंधच्या कथेत येते" या एका वाक्याने सभागृह सावरून बसते.

देवगिरीचा आणखी एक उपयोग आहे. किल्ल्यात वेढ्याच्या वेळी धान्य म्हणून भरलेल्या गोण्या उघडल्या तेव्हा त्यांत मीठ निघाले, ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो. ती फिरिश्ता या इतिहासकाराने लिहिली आणि तो लिहीत होता प्रत्यक्ष घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांनी. स्वारी झाली हे पक्के आहे. मिठाच्या गोण्यांबद्दल मात्र तेवढ्या खात्रीने बोलता येत नाही, तरीही पराभवाचे दुःख लोकांनी त्या गोण्यांतच जपून ठेवले. हे उदाहरण आधी द्यावे. घरचेच उदाहरण दिल्यामुळे, सिंधमधील कथेबाबत "हे पक्के आणि हे लोकांचे" असा भेद केला की कोणालाही तो अनादर वाटत नाही.

त्यानंतर सूमरा घराण्याची ओळख थोडक्यात करून द्यावी. अकराव्या शतकात गझनीच्या सत्तेची पकड सैल झाल्यावर हे स्थानिक घराणे सिंधमध्ये वर आले आणि चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे तीनशे वर्षे, खालच्या सिंधमध्ये त्याची सत्ता या ना त्या रूपात टिकली. पुढे तिची जागा सम्मा घराण्याने घेतली. मीर मासूम या सिंधच्या इतिहासकाराने १६००च्या सुमारास जी सूमरा राजांची मालिका दिली, तीत भूंगर आहे, दोदो आहे आणि दोदोची कन्या तारी हीदेखील आहे. भाऊ लहान असल्यामुळे राज्यकारभार तिने पाहिला. तारीचा उल्लेख टाळू नये. आमच्या शाळेतील मुली नेमक्या याच ठिकाणी मान वर करतात.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सूमरांच्या वंशावळीत दोदो हे नाव एकाहून अधिक राजांना आहे, त्यामुळे एखाद्या ग्रंथात दोदो सापडला म्हणजे आपला दोदो सापडला असे होत नाही. अलाउद्दीनची राजवट १२९६ ते १३१६ अशी असल्याने कथेतील दोदो तेराव्या-चौदाव्या शतकाच्या संधीवर ठेवला जातो. भूंगरचा मुलगा म्हणून मीर मासूमने नोंदवलेला दोदो आणि चनेसरशी भांडण झालेला कथेतील दोदो हे एकच, असे छातीठोकपणे म्हणू नये. फळ्यावर वंशवृक्ष काढण्याचा मोहही येथे आवरावा. खडूने काढलेली रेघ मुलांना पुराव्यासारखी वाटते.

मग अलाउद्दीनच्या फौजा सिंधमध्ये गेल्या होत्या का? गेल्या होत्या. मंगोलांनी सिविस्तान, म्हणजे आजचे सेहवान, घेतले होते आणि १२९९च्या सुमारास अलाउद्दीनचा सेनापती जफर खान याने ते परत जिंकले, ही हकीकत बरनीसारख्या दिल्लीच्या इतिहासकाराने लिहिलेली आहे. बरनी दोदोचे नाव घेत नाही. म्हणून श्रोत्यांना सांगताना एवढेच म्हणावे की त्या काळात दिल्लीचे घोडे सिंधच्या मातीत उतरले होते हे इतिहास सांगतो, आणि त्या घोड्यांसमोर कोण उभा राहिला हे सिंधी लोक सांगतात.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३३ साली सिंधू नदीवर पोहोचला तेव्हा जनानी नावाच्या गावात त्याला सूमरा लोक भेटले. ते दुसऱ्या कोणाबरोबर जेवत नाहीत, जेवताना कोणी पाहिलेले त्यांना चालत नाही आणि आपल्या जमातीबाहेर लग्नसंबंध करत नाहीत, असे त्याने नोंदवले आहे. हाच प्रवासी पुढे दौलताबादलाही आला होता आणि तिथला गाणाऱ्यांचा बाजार पाहून त्याने त्याचे वर्णन केले होते. एका माणसाच्या डोळ्यांनी दोन्ही प्रदेश पाहिलेले असणे, याचा सांगणाऱ्याने पुरेपूर उपयोग करावा. बाहेरच्यांशी पंक्ती न ठेवणाऱ्या या घराण्याचे चित्र आधीच मनात उभे राहिले, तर पुढे आख्यानात आईच्या कुळावरून जे घडते ते श्रोत्याला नीट कळते.

पूर्वरंगात एक गोष्ट मात्र निक्षून सांगावी. दोदो मुसलमान होता आणि त्याच्यावर चालून येणारा सुलतानही मुसलमान होता. ज्या सम्मा सरदाराने पुढे दोदोच्या घरच्या स्त्रियांना अभय दिले त्याची आठवण कच्छमधले हिंदू आणि मुसलमान दोघेही जपतात. फाळणीत घर सोडून आलेल्या हिंदू सिंधी कुटुंबांतही दोदोचे नाव आदराने घेतले जाते. या कथेला दोन धर्मांच्या लढाईचा पोशाख चढवला की ती खोटी होते. गावातील एखादा उत्साही माणूस तसे सुचवतो, त्याला तिथेच नम्रपणे थांबवावे.

उत्तररंग: परातीतील फेटा

आख्यानाची सुरुवात लढाईपासून करू नये. ती पगेपासून करावी. पग म्हणजे पगडी, पागोटे. सिंधीत आणि आपल्याकडे या शब्दांचे कूळ एकच. भूंगर राजा वारला आहे, सरदार जमले आहेत आणि मोठ्या मुलाच्या डोक्यावर पग ठेवायची आहे. थोरला चनेसर, पण त्याची आई लोहाराघरची. धाकटा दोदो; त्याची आई सूमरा कुळातील. सरदार रीतीप्रमाणे थोरल्याला पग देऊ करतात, आणि चनेसर म्हणतो, "थांबा, मी आईला विचारून येतो."

मी या प्रसंगासाठी पितळी परातीत एक न बांधलेला फेटा ठेवतो. परात श्रोत्यांच्या अगदी समोर, खालीच असते. चनेसर आत जातो हे सांगून झाल्यावर मी बोलणे थांबवतो आणि फक्त परातीकडे पाहतो. दहा-पंधरा सेकंद कोणीही काही बोलत नाही. त्या शांततेत सरदारांची कुजबुज श्रोत्यांना आपोआप ऐकू येते: जो पग घेण्यासाठी आईला विचारतो तो राज्य काय करणार? चनेसर परत येतो तेव्हा परात रिकामी असते. फेटा मी तेवढ्यात उचलून मांडीवर घेतलेला असतो, कारण सरदारांनी तो दोदोला बांधला आहे.

या फेट्याबाबत आयोजकांना आधीच सांगून ठेवावे. एका गावी कार्यक्रम संपताच आयोजकांनी तोच फेटा उचलून प्रमुख पाहुण्यांना बांधला आणि शाल-श्रीफळ दिले. त्यांचा हेतू चांगलाच होता, आपल्याकडे फेट्याशिवाय सत्कार होत नाही. पण ज्या फेट्यापायी दोन भाऊ गेले तो हसतमुखाने फोटोत आला आणि तासभर उभे केलेले सगळे त्या क्षणी विस्कटले. तेव्हापासून सत्काराचा फेटा वेगळ्या रंगाचा आणा, असे मी पत्रातच कळवतो.

आईला विचारण्याचा हा प्रसंग अनेक निवेदक चनेसरची टर उडवण्यासाठी वापरतात. तसे करू नये. अंबडकडच्या एका शाळेत सातवीतील मुलीने हात वर करून विचारले होते, "सर, आईला इचारलं तर काय चुकलं?" मला तत्काळ उत्तर सुचले नाही. घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आले की कथेची सगळी ठिणगी तिच्या प्रश्नात आहे. सरदारांना आईला विचारणे खुपले, की लोहाराच्या मुलीला विचारणे खुपले? कथा हे उघड बोलत नाही. पण आईचे कूळ तिने मुद्दाम नोंदवून ठेवले आहे, आणि लोकांच्या तोंडी शतके राहिलेल्या कथेत निरुपयोगी तपशील टिकत नाही. आपल्या श्रोत्यांत लोहारकाम करणारी घरेही बसलेली असतात. तेव्हा हा तपशील झाकू नये, त्यावर हसूही नये. चनेसरचा अपमान खरा होता हे श्रोत्याला जाणवू द्यावे. त्याचा राग खरा वाटला, तरच पुढचा त्याचा अपराध किती मोठा आहे ते कळते.

तो अपराध असा. पग गेल्याने पेटलेला चनेसर दिल्लीला जातो, अलाउद्दीनकडे फौज मागतो आणि त्या बदल्यात आपली बहीण बाघी सुलतानाला देण्याचे कबूल करतो. येथे आवाज चढवू नये. "बहीण देतो" हे शब्द जितके हळू उच्चारावेत तितके ते जड होतात. दोदोकडे फौजेच्या आधी मागणी पोहोचते आणि तो ती नाकारतो. राज्याचा वाद भावाभावांत मिटवता आला असता. बहिणीची मागणी आल्यावर मिटवण्यासारखे काही उरत नाही.

लढाईचे वर्णन फार लांबवू नये, असे अनुभवावरून सांगतो. तलवारींचा खणखणाट आपल्या श्रोत्यांनी पोवाड्यांतून भरपूर ऐकलेला असतो आणि शाहिराइतका तो आपल्याला साधतही नाही. दोदो लढला आणि पडला, एवढे चार-पाच वाक्यांत यावे. सगळा वेळ त्याच्या नंतरच्या घटकेसाठी राखून ठेवावा. दिल्लीचा सेनापती रणात पडलेल्या दोदोच्या देहाला पाय लावतो, आणि ते पाहणाऱ्या चनेसरच्या अंगातून भाऊ जागा होतो. ज्या फौजेला त्यानेच आणले तिच्यावर तो तलवार उपसून धावून जातो आणि मारला जातो. श्रोते येथे स्तब्ध होतात. त्यांना तसेच राहू द्यावे. चनेसर बरोबर की चूक हे आपण सांगू नये.

साम: जिथे कथा खरी उंचावते

बरेच जण आख्यान येथे संपवतात, कारण नायक पडला. माझ्या मते कथेचा शिखरभाग यानंतर आहे. हार दिसू लागली तेव्हाच दोदोने बाघीसह घराण्यातील स्त्रियांना कच्छकडे, अबडो या सम्मा सरदाराकडे पाठवण्याची तजवीज केली होती. सम्मा आणि सूमरा ही काही एकजीव घराणी नव्हती. पुढे सूमरांची गादी सम्मांकडेच गेली. तरीही कच्छच्या रणाची वाट तुडवत, पायांना फोड आलेल्या त्या सूमरी स्त्रिया दारात उभ्या राहिल्या, तेव्हा अबडोने साम दिली. मागोमाग दिल्लीची फौज आली, स्त्रिया स्वाधीन करण्याची मागणी झाली आणि अबडोने नकार देऊन प्राण दिले.

येथे भूगोल सांगावा, कारण या भागाला जमिनीवरचे ठिकाण आहे. गुजरातच्या कच्छ जिल्ह्यातील अबडासा तालुक्याचे नाव या अबडोवरून पडले असे मानतात, आणि कच्छमधीलच रोहा किल्ल्याच्या परिसरात आश्रयाला आलेल्या सूमरी राजस्त्रियांच्या अंताची आठवण आजही सांगितली जाते. सिंधी कवितेचे शिखर मानले जाणारे शाह अब्दुल लतीफ भिटाई, ज्यांचा काळ १६८९ ते १७५२, त्यांनीही आपल्या पदांत अबडोच्या या औदार्याचे गुणगान केले आहे. एका पराभूत राजाच्या कथेत आश्रय देणाऱ्याचे नाव राजाइतकेच मोठे होते. सांगणाऱ्याने याला पुरेसा वेळ द्यावा. तासाच्या आख्यानात निदान पंधरा मिनिटे सामेसाठी राखावीत.

याच ठिकाणी इतिहासाचा एक धागा पुन्हा हाती घेता येतो. महंमद तुघलक, ज्याने १३२७ साली दिल्लीची माणसे आपल्या दौलताबादेला आणून वसवली, त्याच्याविरुद्ध गुजरातेत तगी नावाच्या सरदाराने बंड केले. पाठलाग सुरू झाल्यावर तगी सिंधमध्ये ठठ्ठ्याला गेला आणि तेथील सूमरांनी त्याला आसरा दिला. त्याला पकडण्यासाठी निघालेला सुलतान ठठ्ठ्याजवळच आजारी पडून २० मार्च १३५१ रोजी मरण पावला. ही कथा नाही, त्याच पिढीतील बरनीने लिहिलेली घटना आहे. दिल्लीच्या सुलतानाने मागितले तरी आश्रिताला न सोडण्याची रीत त्या मुलखात खरोखर होती, हे यावरून दिसते. लोककथेतील अबडोची साम त्या रीतीतूनच उमललेली आहे असे मला वाटते, आणि ते माझे मत म्हणूनच मी श्रोत्यांना सांगतो.

गाह मिळवावेत कसे

सिंधीत अशा कथांच्या एका प्रकाराला "ॻाहनि सां ॻाल्हियूं" म्हणतात, म्हणजे गाहांसह सांगितलेल्या गोष्टी. कथा गद्यात चालते आणि मोक्याच्या जागी गाह, म्हणजे बांधीव पद्य, येते. आपल्या पोवाड्यातही शाहीर गद्यात प्रसंग उभा करतो आणि चौक सुरू झाला की झीलकरी "जी जी रं जी" म्हणून उचलतात; गोंधळी आख्यान लावतो तेव्हाही असेच होते. त्यामुळे साधे गद्य निवेदन करण्यापेक्षा मधूनमधून पद्य घालणे या कथेला अधिक मानवते. मात्र ते पद्य आपण मराठीत जुळवून "हा सिंधी गाह" म्हणून खपवू नये. मराठी ओवी स्वतःची म्हणून घालावी, आणि मूळ गाह मिळाला तर तो मूळ शब्दांतच म्हणवून घ्यावा.

तो मिळवण्यासाठी सिंधी वस्तीतील ज्येष्ठांकडे जावे लागते. जाताना घराणे सिंधच्या कोणत्या भागातले, हे आधी विचारावे. वरचा सिंध म्हणजे सिरो, मधला विचोलो आणि समुद्राकडचा खालचा भाग लाड़. दोदोची गाथा मूळची लाड़कडची आहे. शिकारपूर-लाडकाण्याकडून आलेल्या कुटुंबात ती कोणाला येत नसेल तर त्यांना आपल्या संस्कृतीची आठवण नाही असा समज करून घेऊ नये. "दोदोची गोष्ट सांगा" असे थेट विचारले तर बहुतेक आजी-आजोबा "आता काय आठवतंय" म्हणून विषय संपवतात. त्याऐवजी एखादा शब्द विचारावा. साम म्हणजे काय हो? पग कोणी बांधायची? बाघीचे पुढे काय झाले? शब्दामागोमाग ओळ येते. वडीलधाऱ्यांना दादा आणि वृद्ध स्त्रियांना अम्मा म्हणावे, दुकानाच्या वेळेत जाऊ नये, आणि मोबाइलवर आवाज नोंदवायचा असेल तर तो समोर ठेवून, विचारून, नोंदवावा.

लिहून घेताना देवनागरी पुरते, पण थोडी काळजी लागते. सिंधीत ग, ज, ड, ब यांचे श्वास आत ओढून केलेले वेगळे उच्चार आहेत आणि देवनागरीत ते अक्षराखाली रेघ देऊन ॻ, ॼ, ॾ, ॿ असे लिहितात. गाह हा शब्दच त्या ॻ ने सुरू होतो. आपल्या कानाला सुरुवातीला फरक कळत नाही. सांगणाऱ्याला दोनदा म्हणायला लावावे, तरीही शंका राहिली तर समासात खूण करून ठेवावी आणि दुसऱ्या घरी पडताळावी.

कार्यक्रमासाठी चेटीचंडाचे दिवस चांगले, कारण चैत्र शुद्ध द्वितीया म्हणजे आपल्या पाडव्याची पाठराखीण आणि दोन्ही घरांत सणाचे वातावरण असते. १० एप्रिल हा दिवसही योग्य, १९६७ साली त्या दिवशी सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. एकूण वेळ सव्वा तासाच्या वर नेऊ नये. त्यातली वीस मिनिटे पूर्वरंगाला पुरतात.

आख्यान संपल्यावर आभारप्रदर्शनाला लगेच जागा देऊ नये. श्रोत्यांत सिंधी ज्येष्ठ असतील तर माइक त्यांच्याकडे न्यावा, त्यांना मंचावर बोलावू नये; बसल्या जागी माणूस अधिक मोकळा बोलतो. मला "दुधातला द" शिकवणारे ते गृहस्थ पुढच्या वर्षी पुन्हा आले होते. या वेळी त्यांनी माइक घेतला, डोळे मिटले आणि आजीकडून ऐकलेल्या गाहाच्या दोन ओळी म्हटल्या. तिसरी ओठांवर आली आणि थांबली. मी त्या दोन ओळी त्यांच्याकडून तपासून वहीत उतरवल्या आहेत. तुम्हीही गाह लिहून घ्याल तेव्हा अर्धवट ओळींखाली निदान चार-पाच ओळींची जागा कोरी सोडावी, कारण उरलेला भाग बहुधा दुसऱ्याच घरातील कोणाला तरी येत असतो.